साखर न खाताही रक्तातील साखर का वाढते? कर्बोदकांच्या पचनाबद्दल

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. साखर पूर्णपणे बंद करून केवळ बटाटा, तांदूळ किंवा पाव खाल्ला तरी जेवणानंतर रक्तातील साखर का वाढते. या पदार्थांतील स्टार्चची, म्हणजे पिष्टाची, साखर जठरातील आम्लामुळे होते का. आणि ही क्रिया औषधाने रोखता येते का. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, वैद्यकीय व्यवसाय करत नाही. त्यामुळे पुढील मजकूर उपचाराचा सल्ला समजू नये. शरीरात काय घडते एवढेच त्यात क्रमाने सांगितले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्टार्चच्या रचनेतच आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी असून तिच्यात ग्लुकोजखेरीज दुसरा कोणताही घटक नसतो. तो गोड लागत नाही, कारण साखळीत बांधले गेलेले ग्लुकोज जिभेवरील गोडीच्या ग्राहींना उत्तेजित करू शकत नाही. स्टार्चचे दोन प्रकार एकत्र आढळतात. अमायलोजची साखळी जवळजवळ सरळ, मळसूत्रासारखी वळलेली असते, तर अमायलोपेक्टिनला दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर एक फाटा फुटतो. बहुतेक धान्यांत आणि कंदांत अमायलोपेक्टिनचे प्रमाण ७० ते ८० टक्के असते. त्याच्या एका रेणूत लाखो ग्लुकोज असू शकतात, आणि आतड्याच्या भिंतीतून मात्र एकएकटे ग्लुकोजच आत जाऊ शकते.

दोन ग्लुकोजमधील बंध तोडताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणून या क्रियेला जलविघटन म्हणतात. पाण्याचे वजन साखरेत मिळत असल्याने १०० ग्रॅम शुद्ध स्टार्च पूर्ण पचला, तर सुमारे १११ ग्रॅम ग्लुकोज हाती येते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यात दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेमतेम साडेचार ग्रॅम. एका साध्या जेवणातून ५० ग्रॅम स्टार्च सहज पोटात जातो आणि त्यापासून ५५ ग्रॅम ग्लुकोज तयार होते. हे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर जेवणानंतर साखर वाढते याचे नवल वाटत नाही. ती बाराचौदा पटींनी न वाढता थोडक्यात आवरते, हेच मला अधिक नवलाचे वाटते. ते काम इन्शुलिन, यकृत आणि स्नायूंचे आहे आणि तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.

पाण्याने बंध तुटतो असे म्हटले, तरी स्टार्च नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षे ठेवला म्हणून साखर होत नाही. त्यासाठी विकरे, म्हणजेच एन्झाइम, लागतात. १८३३ साली पायाँ आणि पेर्सोझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूपासून स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला डायास्टेज हे नाव दिले. त्या पदार्थात प्रामुख्याने असलेल्या अमायलेज या विकराचीच जातभाई विकरे आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असतात.

तोंडातील टप्प्याबद्दल फार बोलले जाते, त्या मानाने तेथे काम कमी होते. दिवसाकाठी साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातील अमायलेज साखळीच्या मधल्या भागातील बंध कुठेही तोडते. सर्वसाधारणपणे घास तोंडात इतका थोडा वेळ राहतो की गिळेपर्यंत स्टार्चचा पाच टक्क्यांहून अधिक भाग पचत नाही. पावाचा तुकडा बराच वेळ चावत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो हे खरे, पण ती गोडी मुख्यतः माल्टोजची, म्हणजे दोन ग्लुकोज जोडलेल्या शर्करेची असते. अमायलेज सुटे ग्लुकोज जवळजवळ तयार करतच नाही. साखळीच्या टोकाचा बंध, फाट्यावरचा बंध आणि माल्टोजमधला शेवटचा बंध या तिन्हींपुढे त्याचे काही चालत नाही. पाठ्यपुस्तकांत ‘लाळेमुळे स्टार्चची साखर होते’ असे एक वाक्य लिहून मोकळे होतात, आणि पुढच्या सगळ्या गैरसमजांची सुरुवात मला तेथे दिसते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी प्रयोगशाळेतील एक साधा प्रयोग सांगतो, कारण तो शब्दांपेक्षा अधिक पटतो. स्टार्चची पातळ पेज उकळून थंड करायची आणि तीन परीक्षानळ्यांत थोडी थोडी घ्यायची. पहिल्या नळीत लाळ घालायची, दुसऱ्या नळीत लाळ आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तिसऱ्या नळीत केवळ आम्ल. तिन्ही नळ्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून, पांढऱ्या टाइलवर मांडलेल्या आयोडीनच्या थेंबांत दर मिनिटाला प्रत्येक नळीतला एकेक थेंब टाकायचा. पहिल्या नळीतला पहिला थेंब गडद निळा होतो, त्यानंतरचे थेंब जांभळट, मग तांबूस तपकिरी होतात आणि काही मिनिटांनी आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंगच तेवढा उरतो. आयोडीन अमायलोजच्या मळसूत्रात शिरल्यामुळे निळा रंग येतो. साखळी तुटत तुटत आखूड होते, तसे मळसूत्र उरत नाही आणि रंगही जातो. दुसरी आणि तिसरी नळी शेवटपर्यंत निळीच राहते. म्हणजे शरीराच्या तापमानाला जठराइतके आम्ल स्टार्चची साखर करत नाहीच, उलट लाळेतील अमायलेजलाही ते निकामी करते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. परीक्षानळीत आम्ल लगेच सगळीकडे पोहोचते, जठरात तसे होत नाही. गिळलेले घास जठराच्या वरच्या भागात एकावर एक साचतात आणि जठररस त्यांच्या आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो. घासाच्या आतल्या भागाची आम्लता वाढून पीएच चारच्या खाली जाईपर्यंत लाळेतील अमायलेज आपले काम चालू ठेवते, काही वेळा तासभरसुद्धा. या काळात ३० ते ४० टक्के स्टार्च लहान तुकड्यांत मोडला जाऊ शकतो. थोडक्यात, जठर कर्बोदकांसाठी स्वतःचे कोणतेही विकर तयार करत नाही. तेथे जे काही पचन होते ते तोंडातून आलेल्या उसनवारीवर होते. जठराचा खरा प्रभाव वेगळा आहे: अन्न घुसळून ते लहान आतड्यात किती वेगाने सोडायचे हे जठर ठरवते, आणि जेवणानंतर साखर किती झपाट्याने वाढेल हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. जेवणात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असली की जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे साखरेचा चढही मंदावतो.

जठरातून निघालेला आंबट लगदा लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, पोहोचला की त्यातील आम्लामुळे आतड्याच्या भिंतीतून सिक्रेटिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडले जाते. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी ते शोधून काढले. संप्रेरक म्हणून ओळखला गेलेला तो पहिलाच पदार्थ होता. सिक्रेटिनच्या सांगण्यावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस सोडते आणि आम्ल शमते. त्याच रसात स्वादुपिंडाचे अमायलेज भरपूर प्रमाणात असते. हे विकर लाळेतील अमायलेजसारखेच असले तरी त्याचा जनुक वेगळा आहे. लगदा ड्युओडेनममध्ये आल्यापासून साधारण १५ ते ३० मिनिटांत शिजवलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या जवळपास संपलेल्या असतात. उरतात ते तीन प्रकारचे तुकडे: दोन ग्लुकोजचे माल्टोज, तीन ग्लुकोजचे माल्टोट्रायोज आणि फाट्याच्या जागा तशाच राहिलेले छोटे डेक्स्ट्रिन. एवढे सगळे होऊनही सुटे ग्लुकोज अजून नगण्यच असते.

शेवटचा बंध तुटतो तो आतड्याच्या पोकळीत नव्हे, तर आतड्याच्या भिंतीवर, आणि या विषयातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर असंख्य अंकुर असतात, प्रत्येक अंकुरावर पेशींचा थर असतो आणि प्रत्येक पेशीच्या आतड्याकडील बाजूला हजारो अतिसूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात. हे सगळे सपाट करून पसरले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल असे अनेक ठिकाणी छापलेले असते, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार पचनमार्गाच्या अस्तराचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या निम्म्याच्या आसपास भरते. तेही काही थोडे नव्हे. या सूक्ष्म उंचवट्यांच्या आवरणात चार विकरे रुतलेली असतात आणि ती रसात मिसळून वाहून जात नाहीत. माल्टेज-ग्लुकोअमायलेज हे तुकड्यांच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवते. सुक्रेज-आयसोमाल्टेज या जोडविकराचा एक भाग साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतो आणि दुसरा भाग अमायलेजला न जमलेले फाट्यावरचे बंध तोडतो. शिवाय माल्टोज फोडण्यातही या दोन्ही भागांचा मोठा वाटा असतो. लॅक्टेज दुधातील लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करते. चौथे ट्रेहेलेज हे अळिंबीसारख्या मोजक्या पदार्थांतील ट्रेहेलोजपुरते असते आणि त्याबद्दल येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तयार झालेली साखर पेशीच्या अगदी दाराशीच तयार होते, त्यामुळे ती दूर वाहून जाण्याआधी आत घेतली जाते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाला एसजीएलटी१ म्हणतात आणि ते ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन ओढून घेते. पेशीच्या रक्ताकडील बाजूला असलेला पंप सोडियम सतत बाहेर फेकत असल्यामुळे आत त्याची कायम टंचाई असते. सोडियम आत धावतो आणि जाता जाता ग्लुकोजलाही नेतो. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागमधील एका परिसंवादात मांडली. जुलाबावर दिल्या जाणाऱ्या क्षारसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, मिठाबरोबर साखर असते ती चवीसाठी नव्हे. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, म्हणून ती घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असते. फ्रुक्टोजचा मार्ग निराळा आहे: ते ग्लट५ या वाहकातून, सोडियमच्या मदतीविना आत जाते आणि या वाहकाची क्षमता मर्यादित असते, म्हणून एकाच वेळी खूप फ्रुक्टोज घेतल्यास काही जणांचे पोट बिघडते. पेशीतून पलीकडे गेलेल्या तिन्ही शर्करा यकृताकडे जाणाऱ्या शिरेत पोहोचतात आणि यकृतात फ्रुक्टोज व गॅलॅक्टोज यांची पुढील विल्हेवाट लागते.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नातील एक गृहीत धरलेली गोष्ट तपासून पाहावी असे सुचवतो. साखर झटकन रक्तात जाते आणि स्टार्च सावकाश, असे आपल्याला वाटत असावे. प्रौढांच्या आतड्यात स्टार्च आणि साखर फोडण्याची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते. तयार झालेली शर्करा आत घेण्याचे कामच त्या मानाने मागे पडते. त्यामुळे साखळी लांब आहे की आखूड, याने फारसा फरक पडत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते हे दाखवणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक. ग्लुकोजचा हा निर्देशांक १०० धरला, तर साध्या साखरेचा साधारण ६५ येतो आणि पांढऱ्या पावाचा तिच्याहून अधिक, ७० ते ७५ च्या आसपास. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असल्याने तो रक्तातील ग्लुकोज थेट वाढवत नाही, आणि पावातील स्टार्च म्हणजे शंभर टक्के ग्लुकोज. केवळ साखर वर्ज्य करून तिच्या जागी तेवढाच मऊ, पांढरा पाव खाणाऱ्याला रक्ततपासणीत फरक दिसला नाही, तर त्याचे कारण हे आहे.

वेग ठरतो तो स्टार्च कोणत्या रूपात पोटात जातो त्यावर. कच्च्या बटाट्यातील स्टार्चचे कण इतके घट्ट रचलेले असतात की अमायलेजला आत शिरकाव मिळत नाही. पाण्यात शिजवताना साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे हे कण फुगतात, साखळ्या मोकळ्या होतात आणि विकरांना वाट मिळते. शिजवलेले अन्न थंड झाले की काही साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून बसतात आणि तेवढा भाग पचनाला दाद देत नाही. अख्ख्या दाण्यातील स्टार्च पेशीभित्तिकेच्या आत बंदिस्त असतो, तोच दाणा बारीक दळला की उघडा पडतो. रसायन तेच असूनही परिणाम बदलतो, आणि आहाराविषयीच्या चर्चेत या गोष्टीला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅक्टोजची गोष्ट उलट आहे. तेथे शोषण नव्हे, तर फोडण्याची क्रियाच अपुरी पडते. तान्हेपणी लॅक्टेज भरपूर असते, पण जगातील सुमारे दोन तृतीयांश लोकांत ते बालपणानंतर कमी होत जाते. न फुटलेले लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू ते आंबवतात. पोट फुगणे, गुरगुरणे आणि जुलाब हा त्याचाच परिणाम. त्या वेळी निर्माण झालेला हायड्रोजन काही अंशी रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, म्हणून लॅक्टोज पचत नसल्याचे निदान चक्क उच्छ्वासाच्या तपासणीने करता येते.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी आहे, तरी कागद किंवा गवत खाऊन आपली साखर वाढत नाही. सेल्युलोजमधील बंधाची दिशा स्टार्चच्या उलट असते, आणि उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही तसा तो आपल्या कोणत्याही विकरात बसत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणूंना मात्र अशा अडचणी कमी येतात. बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन या एकाच जिवाणूच्या जनुकसंचात शर्करांचे बंध तोडणाऱ्या अडीचशेहून अधिक विकरांची माहिती आहे. आपल्याला न पचलेला स्टार्च आणि तंतूंचा काही भाग हे जिवाणू ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लांत बदलतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. या मार्गाने शरीराला थोडी ऊर्जा मिळते, पण रक्तातील साखर वाढत नाही, कारण मोठ्या आतड्यापर्यंत गेलेल्या कर्बोदकांपासून आपल्याला थेट ग्लुकोज मिळत नाही.

आता तिसरा प्रश्न. कर्बोदकांचे विघटन पूर्ण रोखणारे औषध नाही, पण ते लांबवणारे आहे. अकार्बोज हे औषध आतड्याच्या भिंतीवरील माल्टेज आणि सुक्रेज यांना, तसेच काही प्रमाणात स्वादुपिंडाच्या अमायलेजला अडवून धरते. त्यामुळे स्टार्चचे तुकडे लहान आतड्यात अधिक पुढेपर्यंत जात हळूहळू फुटतात आणि जेवणानंतरचा साखरेचा चढ कमी होतो. विकर अन्नाला भिडण्याआधी औषध तेथे पोहोचलेले असावे लागते, म्हणून ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाचे असते. जेवण झाल्यावर घेतल्यास त्याचा विशेष उपयोग होत नाही. न फुटलेला भाग मोठ्या आतड्यात गेला की जिवाणू तो आंबवतात, त्यामुळे पोटात वायू धरणे हा त्याचा नेहमीचा त्रास आहे. लॅक्टेजवर त्याचा प्रभाव नसल्याने दूध पचण्यात अडथळा येत नाही. हे औषध इन्शुलिनबरोबर किंवा साखर कमी करणाऱ्या अन्य काही गोळ्यांबरोबर घेणाऱ्या व्यक्तीची साखर अचानक फार खाली गेली, तर तिला साधी साखर किंवा साखरेचे सरबत देऊन लवकर आराम पडत नाही, कारण साखर फोडणारे सुक्रेजच त्या वेळी अडवलेले असते. तिला थेट ग्लुकोजच द्यावे लागते, आणि म्हणून अशा व्यक्तीने ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पूड नेहमी जवळ ठेवायची असते.